पाळी कोणाची होती?

“त्या रात्री मी गेलो असतो, तर दादा आज असता.” घरातला माणूस अचानक गेल्यावर समुपदेशनासाठी माझ्यापुढे बसणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य या ना त्या रूपात येतेच. त्याला काय उत्तर द्यावे, हे मला जालना जिल्ह्यातील एका कुटुंबाकडून कळले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

थोरला भाऊ गव्हाला पहिले पाणी देताना साप चावून गेला. त्या आठवड्यात शेतातली मोटार चालवणारी थ्री फेजची लाईट रात्रीची होती आणि दारं धरण्याची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवण्याची, पाळी खरे तर धाकट्याची होती. तो मात्र मित्राच्या हळदीला गेला होता. पेरणीनंतर 40 ते 45 दिवसांनी गव्हाला पुन्हा पाणी लागते, म्हणजे तेरावे उरकते न उरकते तोच ती वेळ आली. नोकरदाराला निदान रजा तरी मिळते. शेतकऱ्याला त्याच बांधावर, त्याच मोटारीपाशी परत उभे राहावे लागते. धाकटा शेताकडे फिरकेना, जेवेना, तेव्हा मामा त्याला घेऊन आले.

पहिल्या भेटीत मी चुकले. “यात तुमचा काही दोष नाही,” असे मी घाईने म्हणाले, त्याने हात जोडले आणि तो उठून गेला. पुढच्या वेळी मीच त्यांच्या घरी गेले आणि ती रात्र पहिल्यापासून सांगायला सांगितले. सांगताना त्याची नजर दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या गमबुटांकडे वळत होती. “त्या रात्री घातलेच नाहीत त्यानं,” तो म्हणाला. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली वहिनी बोलली, “लाईट आली म्हणून मीच उठवलं. बूट घालण्याइतकी उसंतसुद्धा दिली नाही.” त्यावर आई म्हणाली, “औंदा शेत बटईनं दुसऱ्याला कसायला द्यायचं म्हणत होता. मीच नको म्हणले.”

एकाच छपराखाली तिघेही स्वतःला गुन्हेगार समजत होते आणि दुसरा बोल लावील या धास्तीने गप्प होते. प्रत्यक्षात कोणीच कोणाला बोल लावत नव्हते. त्या दिवशी ती माणसे प्रथमच एकत्र रडली.

म्हणून आता मी कोणाचा अपराधभाव पुसायची घाई करत नाही. हिशेब पूर्ण मांडू देते, कारण तो मांडताना रात्रीची लाईट आणि अंधार यांचाही वाटा आपोआप पुढे येतो. सहा महिने उलटूनही दुःखाची धार तशीच राहून रोजचे जगणे अडले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. मात्र “मीही जातो” अशी भाषा ऐकू आली, तर त्या माणसाला एकटे न सोडता त्याच दिवशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

अपघात विम्याच्या धर्तीवर राज्य सरकार देत असलेल्या 2 लाख रुपयांच्या अनुदानाचा अर्ज भरायला वहिनी बरेच दिवस तयार नव्हती, तिला ती नवऱ्याची किंमत वाटत होती. अखेर धाकट्यासोबत जाऊन तिने सही केली.

दुसरे पाणी आठवडाभर उशिरा, पण दिले गेले. धाकटा दारं धरत होता आणि वहिनी बॅटरी घेऊन बांधावर उभी होती. दादाचे गमबूट त्याला बोटभर मोठे होतात. पुढे चिंध्या कोंबून तो ते घालतो.