आम्हा चौघांना स्ट्रिंग क्वार्टेटवर स्वीडिश-नॉर्वेजियन लोकधुनी वाजवायच्या आहेत, पण सगळं वॉल्ट्झसारखं ऐकू येतं. मांडणी कशी करावी?

आधी चेलोचा पार्ट उघडून बघा. पहिल्या मात्रेला चेलोचा खर्ज, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला, असं लिहिलं असेल तर त्याचा वॉल्ट्झच होणार. पोल्स्का, म्हणजे स्वीडनची पारंपरिक नाचाची धून, तीसुद्धा तीन मात्रांचीच, पण तिचा भार पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर असतो. स्वीडनमधले वादक वाजवताना पायही याच दोन मात्रांवर आपटतात. म्हणून चेलोला 1 आणि 3 द्या. दुसरी मात्रा रिकामी सोडा, नाहीतर पहिलीचाच स्वर तिच्यावरून पुढे न्या. तिसरी मात्रा अप-बोनं (बो वर ढकलत), हलकी, आणि तिच्यातूनच पुढच्या बारच्या पहिलीवर डाउन-बो (खाली ओढत). एवढं बदललं तरी नाचाचा तोल लगेच जाणवू लागतो.

यापुढची अडचण म्हणजे मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. नॉर्वेत टेलेमार्क भागातल्या स्प्रिंगारमध्ये (हा तिथला तीन मात्रांचा लोकनाच) पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. वाल्द्रेस भागातल्या स्प्रिंगारमध्ये पहिली आखूड, दुसरी लांब, तिसरी मध्यम. हे कागदावर 8/8 किंवा 9/8 करून लिहायच्या फंदात पडू नका. हे प्रमाण वाक्यागणिक थोडं हलतं आणि आकड्यात बांधलं की धून ताठ होते. 3/4 च ठेवा आणि पार्टच्या डोक्यावर ‘लांब–मध्यम–आखूड’ अशी सूचना लिहा. तालमीत आधी फक्त धून वाजवणारा आणि चेलो बसू द्या, बाकी दोघांनी वाद्यं खाली ठेवून पावलं टाकावीत. ती चाल अंगात बसली की दुसरं व्हायोलिन घ्या, व्हायोला सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमानं गेलात तर मधले दोघं मात्रा समान करून टाकतात आणि धून त्यांच्यामागे फरफटत जाते. मेट्रोनोम लागलाच तर बारला एकच टिक लावा.

स्वरांच्या बाबतीत हात आखडता ठेवा. धून D, G किंवा A मध्येच राहू द्या, म्हणजे मोकळ्या तारा बोलतात. ई-फ्लॅटमध्ये नेली की तोच आवाज बंद खोलीतून आल्यासारखा होतो. दर मात्रेला कॉर्ड बदलण्यापेक्षा चार-चार बार एकच षड्ज-पंचम धरून ठेवा. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या धुनींमध्ये गंधार आणि निषाद पुष्कळदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध लागतात. अशा गंधाराखाली पूर्ण मेजर किंवा मायनर कॉर्ड टाकली तर धून वाजवणाराच बेसूर वाटतो. तिथे साथीतून गंधार पूर्ण काढून टाका, नुसते D आणि A पुरतात.

हार्डिंगफेलेची धून घेणार असाल तर वेगळा विचार करावा लागतो. या नॉर्वेजियन फिडलला वाजवायच्या चार तारा आणि त्यांच्याखाली चार किंवा पाच तरफेच्या तारा असतात, आणि वादक बहुतेक वेळ दोन तारा एकदम वाजवतो. नॉर्वेजियन व्हायोलिनवादक योहान हाल्वोर्सेननं 1901 मध्ये टेलेमार्कचा लोकवादक क्नूट दाहले याच्याकडून उतरवून घेतलेल्या धुनी पाहा (यांवरूनच संगीतकार ग्रीगनं पियानोसाठी ऑपस 72 हा रचनासंच केला). एकट्या व्हायोलिनच्या पार्टमध्येच दोन आवाज भरलेले आहेत. त्यात आणखी तिघांची भर घातली की गर्दी होते. अशा ठिकाणी चौघांपैकी एकानं गप्प बसणं हीसुद्धा मांडणीच आहे.

या वाद्याच्या नेहमीच्या लागणीत खर्जाची तार G ऐवजी A असते. साध्या व्हायोलिनवर हे करता येतं, पण ताण वाढून बाकीच्या तारा उतरतात आणि खुंटी सरकते. कार्यक्रमात त्यासाठी एक जादा व्हायोलिन आधीच लावून ठेवा. तरफेची आस हवी असेल तर व्हायोला आणि दुसऱ्या व्हायोलिननं म्यूट लावून, बो फिंगरबोर्डवर नेऊन, D आणि A तारांवर मध्यावरचे हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारे स्वर) अगदी हळू धरावेत. व्हायब्रेटो नको. दोघांनी बो एकाच वेळी बदलला तर आस तुटते, म्हणून बदलण्याच्या जागा पार्टमध्ये वेगवेगळ्या लिहून ठेवा.

धून साधारण आठ-आठ बारच्या दोन भागांची असते आणि दोन्ही भाग दोनदा वाजतात. मिनिटाला 105 मात्रांच्या लयीत एक आवर्तन 55 सेकंदांत संपतं, म्हणजे चार आवर्तनांत पावणेचार मिनिटांची रचना उभी राहते. पहिलं आवर्तन धून आणि चेलो. दुसऱ्यात दुसरं व्हायोलिन खालचा आवाज घेतं, पण सतत धुनीपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर चिकटून नव्हे, मध्येच षड्जावर थांबत. तिसऱ्यात धून व्हायोलाकडे, एक सप्तक खाली. मात्र मूळ धून मध्य C च्या खाली उतरत असेल तर ती व्हायोलावर मावत नाही, हे आधी तपासा. मुरक्या आणि ट्रिल एकाच वादकाकडे ठेवा. सप्तकात जोडीनं वाजवणाऱ्यानं त्या घेतल्या की सगळं गढूळ होतं. धुनीचे स्लर (एकाच बोमध्ये जोडलेले स्वर) मात्रेच्या उंबरठ्यावरून पलीकडे जातात, ते ‘नीट’ करून मात्रेत बसवू नका. साथीचे बो मात्र मात्रेवरच बदला. दोन्हींच्या घर्षणातूनच झोक येतो.

ऐकायला डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटचे ‘वुड वर्क्स’ (2014) आणि ‘लास्ट लीफ’ (2017) हे अल्बम घ्या आणि एका वेळी फक्त चेलोकडे लक्ष द्या. स्वीडिश धुनींसाठी 1922 ते 1940 दरम्यान निघालेला ‘स्वेन्स्का लोटार’ हा मोठा संग्रह आहे. त्यातली धून उतरवून स्वतः मांडा. दुसऱ्याची छापील मांडणी वाजवायची तर परवानगी लागते, आणि ज्ञात वादकानं स्वतः रचलेली धून असेल तर त्याच्या मृत्यूला स्वीडन-नॉर्वेच्या कायद्याप्रमाणे 70 वर्षं (भारतात 60) झालीत का तेही पाहा.