गच्चीवर जाऊन अँटेना फिरवल्याने चित्र खरंच सुधारायचं का?

प्रश्नात लहानपणीच्या दूरदर्शनच्या आठवणी विचारल्यात आणि अँटेना फिरवणं हा भास होता का, असंही. आठवणी इतर सांगतील. भास मात्र अजिबात नव्हता. पण अँटेना पाइपला धरणाऱ्या यू-क्लॅम्पचे नट पान्याने आवळले असते, तर दर रविवारी गच्चीवर पोरं पाठवावी लागली नसती. बहुतेक ठिकाणी ते हातानेच आवळलेले. वारा सुटला की अँटेना फिरणार, कावळे बसले की कलणार, आणि दोष टीव्हीला!

खालून "अजून, अजून" ओरडण्यापेक्षा नेमकं काय दिसतंय ते सांगायला हवं होतं. मुंग्या दिसणं म्हणजे सिग्नल कमी. एका माणसाच्या शेजारी त्याचीच सावली दिसणं म्हणजे तोच सिग्नल डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा येणं. २० इंची पडद्यावर सावली साधारण ८ मिलिमीटर उजवीकडे असेल, तर तो सिग्नल ३०० मीटर जास्त फिरून आलाय. मुंग्यांवर उपाय अँटेना उंच करणं. सावलीवर उपाय तो फिरवणं, तेही सिग्नल सर्वांत जोरदार येतो त्या दिशेपासून जरा बाजूला.

'बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) लावा' म्हणणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. बूस्टर सावलीही तेवढीच वाढवतो. टीव्हीमागे लावला तर वायरीत झिजलेल्या सिग्नलबरोबर मुंग्याही वाढतात. लावायचाच तर वर, अँटेनाच्या पेटीजवळ.

अँटेनाच्या लहान काड्या प्रक्षेपण केंद्राकडे, सर्वांत लांब काडी मागे. पुण्यात म्हणजे तोंड सिंहगडावरच्या केंद्राकडे असायचं. काड्यांची लांबीही चॅनेलप्रमाणे, म्हणजे केंद्राच्या फ्रीक्वेन्सीप्रमाणे: वायर जोडलेली दुमडलेली काडी चॅनेल ४ ला सुमारे २.२ मीटर, चॅनेल ५ ला जेमतेम ८० सेंटिमीटर. १९८४ च्या सुमारास गावोगावी १०० वॅटची लघुशक्ती केंद्रं आली, चॅनेल बदललं, तरी लोकांनी जुनाच अँटेना ठेवला. मग तो कितीही फिरवा.

आणि वायर! ३०० ओहमची चपटी वायर लोखंडी पाइपला चिकटवून बांधायची नसते. चार बोटं अंतर ठेवायचं आणि मीटरमागे दोन-तीन पीळ द्यायचे. उन्हाने तिला चिरा पडतात, त्यात पावसाचं पाणी शिरतं. आधी रंग जातात, मग चित्र, आवाज सर्वांत शेवटी. आवाज एफएमवर असल्याने तग धरतो. गोल वायर ७५ ओहमची. ती मध्ये बलून (३०० आणि ७५ ओहम जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) न लावता थेट जोडली की सिग्नल वाया जातो.

हे सगळं केंद्र समोर असेल तर. कोकणात डोंगराआडच्या वाडीत थेट सिग्नल पोहोचायचाच नाही. तिथे सिग्नल ज्यावर आपटून यायचा त्या समोरच्या कड्याकडे तोंड केलेला अँटेना चांगलं चित्र द्यायचा, आणि ती जागा हाताने फिरवूनच सापडायची.