लीड्सला नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यास

सप्टेंबरमध्ये येथे आल्यावर मराठी मुलांच्या घोळक्यात राहणे सोपे वाटेल, आणि पहिल्या आठवड्यात त्याचा आधारही होतो. परंतु शहराशी ओळख व्हावी असे वाटत असेल, तर घराजवळच्या चॅरिटी शॉपमध्ये (दान आलेल्या जुन्या वस्तू विकून धर्मादाय कामासाठी पैसे उभारणाऱ्या दुकानात) शनिवारचे तीन तास विनावेतन द्यावेत. मी तेथे जुन्या कोटांना वाफेची इस्त्री करीत असे, आणि शेजारी किमतीच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या आजींचे यॉर्कशरी (लीड्स ज्या परगण्यात आहे तिथले) उच्चार समजायलाच मला महिना लागला. (वर्गातले इंग्रजी तेथे फारसे कामाला येत नाही.) मात्र पदवी अभ्यासक्रमाच्या स्टुडंट व्हिसावर सत्रकाळात कामाची मर्यादा आठवड्याला 20 तास असते आणि काही विनावेतन कामही तीत मोजले जाते, म्हणून विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागारांना आधी विचारून घ्यावे.