केमोथेरपी चालू असताना हळद, गुळवेल आणि सदाफुली

प्रश्न : माझ्या आईला स्तनाचा कर्करोग असून नागपूरला तिच्या केमोथेरपीचे दोन डोस झाले आहेत. शेजारच्या गावातील एका जाणत्या गृहस्थांनी आमच्या घरच्या वायगाव हळदीचे रोज दोन चमचे मिरपुडीसोबत, शिवाय गुळवेलीचा काढा आणि सदाफुलीची पाने द्यायला सांगितले आहे. सदाफुलीपासूनच कॅन्सरचे औषध होते, असे ते म्हणतात. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांना विचारलेले नाही. काय करावे?
— एक वाचक, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : सदाफुलीविषयी ते सांगतात ते खरे आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी तिची पाने आईंना देऊ नयेत. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे संशोधक या झाडात मधुमेहावरचा गुण शोधत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, परंतु त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि त्यातूनच विनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती आले. याच झाडातले विनक्रिस्टिन हे दुसरे औषध मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत, तेही केवळ शिरेतून. तुळशीवृंदावनाजवळच्या झाडाचे पान चावले, तर त्यातून किती द्रव्य पोटात गेले हे कोण मोजणार? केमोमुळे आईंच्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आधीच उतरतात, त्यात ही भर नको.

वरणभाजीतली हळद आणि रात्रीच्या दुधातली चिमूटभर हळद खुशाल द्यावी. मिरपुडीसह दोन चमचे हा मात्र स्वयंपाक नसून औषधोपचार झाला. हळदीतील कर्क्युमिन एरवी अंगी फारसे लागत नाही; मिरीतील पायपेरिन त्याचे विघटन रोखते म्हणून ते रक्तात वाढते. पण विघटन करणाऱ्या या यंत्रणेतूनच केमोची काही औषधेही जात असल्याने त्यांचे रक्तातील प्रमाण बिघडू शकते. स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवरील एका प्रयोगात तर कर्क्युमिनमुळे सायक्लोफॉस्फामाइड या नेहमीच्या औषधाचा परिणाम कमी झालेला दिसला. शिवाय केमोमुळे प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरलेल्या असताना जास्त हळदीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

गुळवेलीचा काढाही तूर्त थांबवावा. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले आहे, आणि केमोचा भारही यकृतावरच पडत असतो.

मळमळीसाठी आल्याचा पातळ चहा चालतो. काहींना त्याने बरे वाटते, पण उलटीची गोळी त्यापायी चुकवू नये.

आपण आईसाठी धडपडत आहात, हे डॉक्टरांनाही कळते. पुढच्या डोसला जाताना घरातली प्रत्येक पुडी, बाटली आणि मुळी पिशवीत घालून न्या व त्यांच्यासमोर ठेवा. काही दिले गेले असेल तर तेही सांगा. आणि मधल्या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला, तर काढ्याने उतरतो का याची वाट न पाहता, रात्र असली तरी गाडी करून जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि केमो चालू असल्याचे दारातच सांगा.