ऑटोपायलट असूनही विमान उतरताना पायलट चुकतो कसा? आणि दोष त्याचाच का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. विमान उतरवायला इतकी यंत्रणा हाताशी असताना वैमानिक चुकतो कसा, आणि अपघातानंतर ‘पायलट एरर’ म्हणून सगळं खापर त्याच्या माथी फोडणं बरोबर आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेतलं की दुसऱ्याचं बरंचसं त्यातच मिळतं.

उतरताना दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, खाली येण्याची वाट आणि वेग. हाताशी साधनंही दोनच, विमानाचं नाक आणि इंजिनांची ताकद. कोणतं साधन कशासाठी वापरायचं, हे त्या वेळी लावलेल्या मोडवर, म्हणजे स्वयंचलित यंत्रणेला दिलेल्या कामाच्या पद्धतीवर, ठरतं. एअरबस ए३२० वर ‘ओपन डिसेंट’ लावलं की इंजिनं आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर, जातात आणि वेग नाकानं राखला जातो. वेग कमी झाला की नाक खाली, वाढला की वर. ‘व्हर्टिकल स्पीड’ लावलं की कामं बरोबर उलटी होतात. नाक ठरलेल्या दरानं विमान खाली आणतं आणि ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, इंजिनं कमीजास्त करून वेग राखतो. बोइंगवर पहिल्या प्रकाराला ‘फ्लाइट लेव्हल चेंज’ म्हणतात.

तीस हजार फुटांवरून खाली यायला ओपन डिसेंट उत्तम, इंधनही वाचतं. जमिनीजवळ मात्र तो घातक ठरू शकतो. वैमानिक हातानं विमान चालवत असेल आणि धावपट्टी समोर दिसतेय म्हणून वाट धरून ठेवायला त्यानं नाक जरा वर घेतलं, तर इंजिनं आयडलवरच राहतात आणि वेग सांभाळणारं कुणीच उरत नाही. विमानात बिघाड काहीच नसतो. प्रत्येक भाग आपापलं काम चोख करत असतो, आणि विमान हळूहळू वेग गमावत असतं.

१४ फेब्रुवारी १९९० ला बंगळूरमध्ये नेमकं हेच झालं. मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं विमान, ए३२०, हवा स्वच्छ, धावपट्टी समोर. चौकशीत सर्वांत संभाव्य कारण असं मांडलं गेलं की वैमानिकाला मिनिटाला ७०० फूट हा उतरण्याचा दर लावायचा होता, पण दराच्या नॉबऐवजी शेजारचा उंचीचा नॉब फिरवला गेला, ७०० फूट उंची लागली आणि विमान ओपन डिसेंटमध्ये गेलं. या ७०० कडे जरा बारकाईनं पाहा. तीन अंशांच्या वाटेवर जमिनीच्या सापेक्ष वेगाला पाचानं गुणलं की उतरण्याचा दर येतो, १४० नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) मिनिटाला ७०० फूट. म्हणजे आकडा अगदी रोजचा, नजरेला खटकणार नाही असा. पण बंगळूरचा तो जुना विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर आहे. ७०० फूट ही उंची तिथे जमिनीच्या दोन हजारांहून जास्त फूट खाली येते. त्यामुळे विमानाला वाटेत थांबण्याची उंची अशी उरलीच नाही आणि ओपन डिसेंट आयडलसकट चालू राहिला.

यातून बाहेर पडायचा मार्ग होता. दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर (विमान कसं वळवायचं ते स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) बंद केले की ए३२० चा ऑटोथ्रस्ट आपोआप वेग राखण्याच्या मोडवर येतो. एक बंद झाला, दुसरा चालूच राहिला, त्यामुळे मोड बदलला नाही. १३२ नॉट राखायचा वेग १०६ पर्यंत घसरला. अखेरीस ताकद मागितली गेली, पण आयडलवरच्या जेट इंजिनाला पूर्ण ताकदीवर यायला सात-आठ सेकंद लागू शकतात. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ जण गेले.

दोन वर्षांनी, २० जानेवारी १९९२ ला, फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ एअर इंटरचं ए३२० डोंगरावर आदळलं. तिथे आकड्याचा घोटाळा वेगळा होता. एकाच नॉबवर दोन मोड चालत, उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा दर. कोन ३.३ अंश असेल तर पॅनलवरच्या आकड्यांच्या खिडकीत ‘-३.३’ दिसे, दर मिनिटाला ३,३०० फूट असेल तर ‘-३३’. फरक एका टिंबाचा. ३.३ अंश म्हणजे त्या वेगाला मिनिटाला साधारण ८०० फूट, आणि विमान चौपट वेगानं खाली येत होतं. बाहेर ढग आणि अंधार. त्या कंपनीच्या विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणाच बसवलेली नव्हती. ८७ मृत्यू, ९ जण वाचले. नेमकं काय घडलं याचा अंतिम पुरावा मिळाला नाही, पण मोडचा हाच घोटाळा तपासकांना सर्वांत संभवनीय वाटला. पुढे एअरबसनं दर चार आकड्यांत दाखवायला सुरुवात केली, ‘-३३००’ असा.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना एअरलाइन्सच्या २१४ क्रमांकाच्या बोइंग ७७७ बाबत पुन्हा तेच. फ्लाइट लेव्हल चेंज लावलेला, थ्रॉटल (इंजिनांच्या ताकदीचे दांडे) हातानं मागे ओढलेले, त्यामुळे ऑटोथ्रॉटल (बोइंगवरचा ऑटोथ्रस्ट) ‘होल्ड’ मध्ये गेला आणि वेगाकडे बघायचा थांबला. १३७ च्या जागी १०३ नॉट.

आता दोषाचं. वैमानिकानं वेगाचा काटा पाहायलाच हवा होता, यात वाद नाही. पण एकसारखे वाटणारे नॉब शेजारीशेजारी ठेवणं, एका टिंबावर डोंगर आणि धावपट्टी यांतला फरक सोडणं, हे रचनेचे दोष आहेत, आणि ‘पायलट एरर’ एवढंच लिहून फाइल बंद केली तर ते दोष पुढच्या वैमानिकासाठी तसेच राहतात. मला तो शब्द निष्कर्ष म्हणून अजिबात मान्य नाही. तपासाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

तुम्ही या क्षेत्रात येणार असाल तर एक सवय आत्ताच लावून घ्या. नॉब फिरवला म्हणजे मोड लागला असं समजायचं नाही. समोरच्या स्क्रीनच्या वरच्या पट्टीत कोणता मोड आला ते वाचायचं, मोठ्यानं म्हणायचं आणि शेजारच्यानं त्याला दुजोरा द्यायचा. ए३२० वर नव्या मोडभोवती पांढरी चौकट येते आणि दहा सेकंदांत जाते, त्यामुळे तेव्हाच वाचलेलं बरं. पट्टीतला पहिला रकाना इंजिनांचा. शेवटच्या टप्प्यात तिथे ‘थ्रस्ट आयडल’ दिसत असेल तर बाकी सगळं सोडून आधी तेच निस्तरायचं.

ढगाळ हवेत १,००० फुटांवर, स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमान स्थिर असलंच पाहिजे असा बहुतेक कंपन्यांचा नियम असतो. वेग ठरलेल्याच्या आसपास, उतरण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांच्या आत, चाकं आणि पंखांवरचे फ्लॅप जागेवर, आणि इंजिनं आयडलच्या वर. यातलं एक जरी नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. इंजिनांची अट अनेकांना फालतू वाटते, पण हिशोब करून पाहा. मिनिटाला ७०० फूट म्हणजे सेकंदाला जवळजवळ १२ फूट. इंजिनं जागी व्हायला आठ सेकंद लागली तर तेवढ्यात जवळपास शंभर फूट उंची गेलेली असते.