टॅमारिन माकड आणि हॅमरहेड शार्क : वर्गीकरणात फरक काय आणि जास्त धोक्यात कोण?

कोलंबियातलं पांढऱ्या शेंडीचं कॉटन-टॉप टॅमारिन आणि स्कॅलप्ड हॅमरहेड शार्क, दोघंही आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहेत. पण पुढं कुणीतरी विचारतंच, "शार्क पिल्लं देतो, मग तोही माकडासारखा सस्तनच ना?" ह्याच वाक्यावरून माझं मामांशी वर्षभर नीट बोलणं नव्हतं.

मी दहावीत. शहापूरच्या घरी रविवारी मामांनी मोरी, म्हणजे छोटा शार्क, आणली. आजीनं विळीवर पोट चिरलं, तर आत पाच पिल्लं, बोटाएवढी, प्रत्येकाला दोऱ्यासारखी नाळ. आजीचा हात थांबला. मामा म्हणाले, "नाळ हाय न्हवं? मग सस्तनच. पुस्तक दावू नकोस." मी डोक्यामागं कल्ल्यांच्या चिरा मोजून दाखवल्या, पाच. कण्यावर सुरी टेकवली, हाड नव्हतंच, कूर्चा. मामांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

नाळेनं काही ठरत नाही. पिल्लाला दूध पाजतो तो सस्तन. टॅमारिन पाजतं, म्हणून सस्तन वर्ग, नरवानर गण, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. शार्क उपास्थिमीन वर्गातला, म्हणजे कूर्चेचा सांगाडा असलेला मासा. दोघांत सामाईक एवढंच की दोघांनाही कणा आहे.

टॅमारिनची जंगलं तुटली, शिवाय १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि १९७० च्या सुरुवातीला हजारो माकडं अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी नेली. हॅमरहेडला जाळी आणि सुपासाठीची परांची मागणी भोवली. आणि मामांच्या त्या भांडणात आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट हीच होती. बांगडा हजारोंनी अंडी टाकतो. मोजकी पिल्लं देणारा, उशिरा वयात येणारा मासा एकदा ओरबाडला की लवकर भरून येत नाही. नाळ बघून वर्ग ठरवत बसलो, पोटुशी मोरी कापलीय हे कुणी बोललंच नाही.

हां, सगळे शार्क पिल्लं देत नाहीत, काही अंडी घालतात. उलट प्लॅटिपस हा प्राणी अंडी घालूनही सस्तन आहे. आमच्या ताटातली मोरीही हॅमरहेड नव्हती, आणि प्रत्येक शार्क इतका धोक्यात नाही.

मामा अजून कॅम्पातल्या मासळी बाजारात जातात. फुगल्या पोटाची घेऊ नका म्हटलं की विचारतात, "म्हणजे मासाच म्हणतीस न्हवं?"

हो मामा, मासाच. म्हणूनच नको.