ब्रॉन्कोस्कोपीवर पहिलाच अभ्यास? आधी एवढं बघ

तुझा विषय चांगला आहे, पण फार पसरलाय. ‘फुप्फुसाच्या आजारांत ब्रॉन्कोस्कोपीचा उपयोग’, म्हणजे कॅमेऱ्याची नळी श्वासनलिकेत घालून केलेल्या तपासणीचा, यात दहा प्रबंध मावतील. एकच प्रश्न धर: थुंकीत जंतू सापडत नाहीत, पण एक्स-रेवर क्षयाची शंका आहे, अशा रुग्णांत लॅव्हाजच्या (नळीतून फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेल्या) पाण्यावर केलेली सीबीनॅट (क्षयजंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) निदानात किती भर घालते?

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एथिक्स कमिटीची परवानगी हातात येण्याआधीच रुग्ण घेतात. नंतर ते मोजता येत नाहीत.
- संमतिपत्र फक्त मराठीत छापतात. आपल्या सोलापुरात पूर्वभागातली विडी वळणारी मावशी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नड. नळी नाकातून जाणार, खोकला येईल, अभ्यासाला नको म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत, हे त्यांना त्यांच्या भाषेत कळलंच पाहिजे. सहीची घाई करू नकोस.
- लॅव्हाजची नोंद अर्धवट ठेवतात. किती मिली सलाइन सोडलं, किती परत आलं, फुप्फुसाच्या कोणत्या लोबमधून (भागातून), हे तिथल्या तिथे लिही. परतावा 30 टक्क्यांच्या पुढे असला तर उत्तम. अगदीच कमी असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर भिस्त ठेवू नकोस.

रुग्णसंख्या संख्याशास्त्रज्ञाकडून आधीच ठरवून घे. ईबस (नळीतून आतून केलेली सोनोग्राफी), क्रायोबायोप्सी (गोठवून तुकडा काढणं) सध्या बाजूला राहू देत. आणि स्कोप आत असताना तुझी नजर आधी ऑक्सिजनच्या आकड्यावर हवी, अभ्यासाच्या फॉर्मवर नंतर. प्रश्न एका ओळीत लिहून पाठव, मी बघते.